केनियाबद्दल लिहायचंय? आधी केनियाचं वाचा

2019 साली केनियाची लोकसंख्या किती होती, हा साधा प्रश्न इंटरनेटला विचारून पाहा. दोन उत्तरं मिळतात. एक सव्वापाच कोटींच्या आसपासचं, दुसरं पावणेपाच कोटींच्या आसपासचं. दोन्ही जबाबदार संस्थांची आहेत आणि मधला फरक सुमारे पन्नास लाख माणसांचा आहे. पहिला आकडा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाचा त्या वर्षीचा अंदाज. आधीच्या जनगणना, जन्मदर आणि मृत्युदर घेऊन तो गणिताने पुढे नेलेला होता. दुसरा आकडा 4,75,64,296. केनियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 24 ऑगस्ट 2019 च्या रात्रीपासून घरोघर माणसं पाठवून तो मोजला. पुढच्या आवृत्तीत संयुक्त राष्ट्रांनीही आपला अंदाज खाली आणला.

मी मराठी कोशासाठी आफ्रिकेतल्या देशांच्या नोंदी लिहिते. केनियाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नव्याने या कामाला लागणारी मुलं सुरुवात हमखास बाहेरून करतात: एखादा ज्ञानकोश, एखादी परदेशी वृत्तसंस्था, एखाद्या मदतसंस्थेचं पान. केनियाची स्वतःची कार्यालयं, न्यायालयं, वर्तमानपत्रं आणि विद्यापीठं त्यांच्या यादीत शेवटी येतात, कधी येतच नाहीत. हा क्रम उलटा करा, एवढंच मला सांगायचं आहे. स्वतःला मोजणारा, स्वतःबद्दल छापणारा आणि त्यावर स्वतःच कडाडून भांडणारा हा देश आहे. त्याचं वाचल्याशिवाय त्याच्याविषयी लिहू नये.

सुरुवात सांख्यिकी कार्यालयापासून करा. इथे पत्त्याची एक गंमत आहे. केनियाच्या सरकारी संकेतस्थळांचा पत्ता साधारणपणे ‘डॉट गो डॉट केई’वर संपतो, विद्यापीठांचा ‘डॉट एसी डॉट केई’वर. म्हणून शेपूट पाहून खरं-खोटं ठरवण्याची सवय लागते. पण सांख्यिकी कार्यालयाचा आणि निवडणूक आयोगाचा पत्ता ‘डॉट ओआर डॉट केई’वर संपतो. म्हणजे फक्त सरकारी शेपूट असलेले पत्ते धरले, तर देशातली दोन सर्वांत महत्त्वाची कार्यालयं सुटतात. शेपटीवर विसंबू नका, कार्यालयाचं पूर्ण नाव वाचा.

या कार्यालयाच्या दोन गोष्टी कायम जवळ ठेवाव्यात. पहिली म्हणजे दरवर्षी निघणारी आर्थिक पाहणी. चहाच्या उत्पादनापासून शाळेतल्या पटसंख्येपर्यंत सगळं तिच्यात तक्त्यांत मिळतं. दुसरी म्हणजे 2019 च्या जनगणनेचे खंड. पहिल्या खंडात काउंटी (जिल्ह्यासारखे प्रशासकीय भाग) आणि उपकाउंटीनिहाय लोकसंख्या आहे, दुसऱ्यात त्याखालच्या प्रशासकीय भागांची, तिसऱ्यात वय आणि लिंगानुसार विभागणी, चौथ्यात धर्म, शिक्षण, घरं, पाणी, वीज. तिसरा खंड उघडलात तर स्त्री आणि पुरुष यांच्याशेजारी आंतरलिंगी व्यक्तींचा वेगळा रकाना दिसेल. तिथे 1,524 ही नोंद आहे. बाहेरच्या संकलनांत हा रकाना बहुतेक वेळा गळून पडतो. मूळ तक्ता उघडल्याशिवाय अशी गोष्ट तुम्हाला कळणारच नाही.

चौथ्या खंडातला जमातींचा तक्ताही एकदा शांतपणे वाचा. ‘केनियात 42 जमाती आहेत’ हे वाक्य जिथे तिथे आढळतं. जुलै 2017 मध्ये केनियातल्या आशियाई वंशाच्या नागरिकांना सरकारने 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी त्याआधी माकोंडे लोकांना 43 वी म्हणून मान्यता मिळाली होती. म्हणजे 42 हा आकडा आता सरकारच्याही हिशेबात बसत नाही, तरी तो नकलून पुढे जातच राहतो.

आता एक आकडा जवळून पाहू. नैरोबीतली किबेरा ही वस्ती. ‘दहा लाख लोकांची, आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी’ असं तिचं वर्णन वर्षानुवर्षं लेखांत, माहितीपटांत, भाषणांत होत आलं आहे. हे वाक्य दिसलं की मी त्याच्या तळटीपेवर जाते. तळटीप एखाद्या संस्थेच्या अहवालाकडे नेते. तो अहवाल उघडून आत शोधलं की तिथेही तेच वाक्य असतं, खाली आणखी एका अहवालाचं नाव. तो उघडला की पुन्हा तसंच. कधी कधी दोन कागद एकमेकांचाच हवाला देतात. या साखळीच्या शेवटी कोणीतरी वस्तीत जाऊन माणसं मोजली, असा दुवा काही सापडत नाही.

आणि मग 2009 ची जनगणना. तिने किबेराचा आकडा दिला 1,70,070. त्याच सुमारास काही संशोधकांनी वस्तीत नमुना-पाहणी करून स्वतंत्र अंदाज काढला, तोही दोन-अडीच लाखांच्या घरातला होता. 2019 च्या जनगणनेत, किबेरा ज्यात येते त्या किब्रा उपकाउंटीची लोकसंख्या 1,85,777 आहे. उपकाउंटीची हद्द आणि वस्तीची हद्द तंतोतंत एक नाही, म्हणून 2009 आणि 2019 चे आकडे शेजारी ठेवून ‘वाढ’ काढू नये. जनगणनेतही माणसं सुटतात, दाट वस्तीत जास्तच सुटतात. पण लाखभर सुटणं वेगळं आणि आठ लाख सुटणं वेगळं.

यातून हाताला लागणारी पद्धत अशी. आकडा दिसला की तीन गोष्टी विचारायच्या: कोणी मोजला, केव्हा मोजला, कुठल्या हद्दीत मोजला. ज्या पानावर यातलं एकही उत्तर नाही, ते पान वाचायला हरकत नाही, पण त्यातला आकडा उचलायचा नाही.

हद्दीचा प्रश्न केनियात फार मोठा आहे. 2010 च्या राज्यघटनेने 47 काउंटी ठरवल्या आणि 2013 पासून त्यांची सरकारं कामाला लागली. त्याआधी आठ प्रांत आणि त्यांच्या खाली जिल्हे होते, आणि जिल्ह्यांची संख्या सतत वाढत होती. त्यामुळे 1999, 2009 आणि 2019 च्या जनगणनांतले स्थानिक आकडे शेजारी ठेवण्याआधी नकाशे शेजारी ठेवावे लागतात. शिवाय 2009 चे काही आकडे केनियातच वादात सापडले. 2010 साली निकाल जाहीर करताना नियोजनमंत्र्यांनीच उत्तरेकडच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या जन्म-मृत्यूच्या हिशेबात बसत नाही असं सांगितलं आणि तिथे फेरगणना करण्याची घोषणा केली. प्रकरण न्यायालयात गेलं. तुर्काना, मंडेरा किंवा वाजीर इथला 2009 चा आकडा वापरणार असाल, तर हा वाद एका वाक्यात तरी सांगायलाच हवा. मूळ स्रोत आहे म्हणून तो निर्विवाद असतो असं नाही. मात्र त्याच्यावरचा वाद उघड्यावर असतो आणि आपल्याला तो वाचता येतो.

जागतिक बँकेचं माहितीभांडार मीही रोज वापरते, विशेषतः दोन देशांची तुलना करायची असते तेव्हा. पण तिथल्या प्रत्येक तक्त्याशेजारी ‘तपशील’ म्हणून एक भाग असतो, तो उघडायचा. आकडा मुळात कोणाचा, तो मोजलेला की अंदाजलेला, हे तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तुम्ही फिरून नैरोबीतल्याच कार्यालयाकडे येता. अर्थव्यवस्थेच्या आकाराबाबत जास्तच सावध राहा. सप्टेंबर 2014 मध्ये केनियाने राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचं आधारवर्ष 2001 वरून 2009 वर आणलं, आणि कागदावरची अर्थव्यवस्था एकदम सुमारे 25 टक्क्यांनी मोठी झाली. देश निम्न-मध्यम उत्पन्न गटात गेला. त्या महिन्यात काही नवे कारखाने उभे राहिले नव्हते. आधी न मोजलेले व्यवहार मोजणीत आले होते. जुन्या मालिकेतलं एक वर्ष आणि नव्या मालिकेतलं दुसरं घेऊन विकासदर काढला, तर तो साफ चुकीचा येतो. आणखी एक बारीक गोष्ट: सरकारी आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. ‘2022/23’ दिसलं की ते लक्षात ठेवा.

कायदा, राजपत्र आणि पैसा

माझं सर्वांत आवडतं ठिकाण ‘केनिया लॉ’. विधि-वृत्तांकनाच्या राष्ट्रीय परिषदेचं हे संकेतस्थळ सर्वांना मोफत खुलं आहे. राज्यघटना, चालू कायदे, न्यायालयांचे निकाल आणि केनिया गॅझेट, सगळं तिथे मिळतं. गॅझेट म्हणजे दर शुक्रवारी निघणारं सरकारी राजपत्र. त्याचे अंक 1899 पर्यंत मागे जातात. नेमणुका, जमिनीच्या सूचना, हद्दबदल, चौकशी आयोगांची स्थापना हे सगळं त्यात असतं. एखादी व्यक्ती एखाद्या पदावर नेमकी कोणत्या तारखेला आली, यावर दोन वर्तमानपत्रांत मतभेद असला तर मी गॅझेटमधली सूचना शोधते आणि तिचा क्रमांक टिपून ठेवते.

कायद्याबाबत एक फरक जपावाच लागतो: विधेयक कुठलं आणि कायदा कुठला. 2024 चं वित्त विधेयक घ्या. त्यात पावावर 16 टक्के मूल्यवर्धित कर लावायचा प्रस्ताव होता. विरोध वाढल्यावर 18 जूनला तो मागे घेतल्याचं जाहीर झालं. 25 जूनला संसदेच्या नॅशनल असेंब्ली या सभागृहाने सुधारित विधेयक मंजूर केलं, त्याच दिवशी आंदोलक संसदेच्या आवारात शिरले, आणि 26 जूनला राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी सही करणार नसल्याचं सांगितलं. विधेयक पडलं. तरीही ‘केनियात पावावर 16 टक्के कर’ अशी जुनी पानं शोधात अजून वर येतात. ती लिहिणाऱ्याने कदाचित त्या दिवसापुरतं खरं लिहिलं असेल, आज मात्र ते उपयोगाचं नाही. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाचा मसुदा आणि हॅन्सार्ड, म्हणजे सभागृहातल्या चर्चेचा शब्दशः वृत्तांत, मिळतो. कायदा झाला की नाही हे ‘केनिया लॉ’वर पाहायचं.

निकालांचंही तसंच. 2023 चा वित्त कायदा अपील न्यायालयाने 31 जुलै 2024 ला घटनाबाह्य ठरवला आणि 29 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ऑगस्टमधला लेख वाचून थांबलात तर उलटं लिहून बसाल. म्हणून निकाल सापडला की लगेच त्यावर वर अपील झालं का, हे शोधणं आलंच.

पैशाच्या बाबतीत महालेखापरीक्षक आणि अंदाजपत्रक नियंत्रक ही दोन घटनात्मक कार्यालयं आहेत. त्यांचे अहवाल रुक्ष दिसतात, पण वाचायला शिकलात तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. अंदाजपत्रक नियंत्रकांच्या अहवालात प्रत्येक काउंटीने मंजूर पैशांपैकी विकासकामांवर प्रत्यक्ष किती खर्च केला हे येतं. ‘अमुक काउंटीने आरोग्यासाठी इतके अब्ज शिलिंग दिले’ अशी बातमी आली की मी हा तक्ता उघडते. तरतूद किती आणि खर्च किती, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिते. दुष्काळाबद्दल लिहायचं असेल तर राष्ट्रीय दुष्काळ व्यवस्थापन प्राधिकरणाची मासिक पत्रकं पाहा. 23 कोरड्या आणि निमकोरड्या काउंटींची पाऊस, चारा, जनावरांची स्थिती, पाण्यापर्यंतचं अंतर अशी नोंद त्यांत असते. परदेशी बातमीत ‘उत्तर केनिया होरपळतोय’ एवढंच असतं. पत्रकात मार्साबिटचा प्रश्न आणि गरिसाचा प्रश्न वेगवेगळा दिसतो.

वर्तमानपत्रं

‘नेशन’, ‘स्टँडर्ड’, ‘द स्टार’, अर्थकारणासाठी ‘बिझनेस डेली’, शेजारी देशांसह पाहायचं तर ‘द ईस्ट आफ्रिकन’. ‘स्टँडर्ड’ हे 1902 साली मोंबासात ए. एम. जीवनजी यांनी सुरू केलेल्या पत्राचं आजचं रूप. मालकी कोणाची हे माहीत करून घ्या आणि निवडणुकीच्या दिवसांत एकाच पत्रावर राहू नका. स्वाहिली येत नसली तरी ‘ताइफा लिओ’ हे स्वाहिली दैनिक यंत्रभाषांतर लावून चाळता येतं. त्यासाठी शोधशब्दच स्वाहिली घ्या: जनगणनेसाठी सेन्सा, राज्यघटनेसाठी कतिबा, दुष्काळासाठी उकामे. अर्थात रोमन लिपीत. इंग्रजीत कधीच न आलेल्या गावपातळीवरच्या बातम्या अशा समोर येतात.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या दाव्यांसाठी ‘आफ्रिका चेक’ आणि ‘पेसाचेक’ पाहा. ‘आफ्रिका चेक’ 2012 पासून काम करतं. मला त्यांचा निष्कर्ष तर हवा असतोच, पण त्याहून जास्त त्यांची वाट हवी असते. दावा कुठून आला, कोणाला विचारलं, कुठला तक्ता पाहिला, हे ते टप्प्याटप्प्याने मांडतात. नव्या माणसाने त्यांचे केनियावरचे दहा-पंधरा लेख लागोपाठ वाचावेत. कुठल्या प्रश्नासाठी कुठल्या कार्यालयाचं दार ठोठवायचं, हे त्यातून आपोआप कळतं.

निवडणुकांबद्दल मात्र बातम्यांच्याही मागे जाता येतं. ऑगस्ट 2022 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आयोगाने 46,229 मतदान केंद्रांचे निकालपत्रक, ‘34 ए’ नावाचे फॉर्म, स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले. केंद्राध्यक्षाचं हस्ताक्षर, पक्षप्रतिनिधींच्या सह्या, खाडाखोड, सगळं दिसत होतं. नागरिकांनी आणि वृत्तसंस्थांनी स्वतः बेरजा मांडल्या. अंतिम निकाल रुटो 50.49 टक्के आणि राइला ओडिंगा 48.85 टक्के. सर्वोच्च न्यायालयाने 5 सप्टेंबरला तो कायम केला. न्यायालयाचा हा निकाल आणि 2017 ची निवडणूक रद्द करणारा 1 सप्टेंबर 2017 चा निकाल, दोन्ही ‘केनिया लॉ’वर पूर्ण आहेत. ते एकापाठोपाठ वाचा. केनियाच्या राजकारणाची इतकी सखोल आणि पुराव्यानिशी मांडणी कुठल्याही विश्लेषणात्मक लेखात मला आढळलेली नाही.

संशोधन आणि इतिहास

अभ्यासलेखांसाठी ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ हा 1998 पासूनचा, दक्षिण आफ्रिकेतून चालणारा संग्रह आधी पाहा. आफ्रिकेत निघणारी शेकडो नियतकालिकं तिथे आहेत आणि बरेच लेख मोफत उतरवता येतात. नैरोबी विद्यापीठ आणि केन्याटा विद्यापीठ यांच्या भांडारांत प्रबंध असतात. एखाद्या छोट्या गावावर, एखाद्या बाजारपेठेवर जगात एकच सविस्तर काम झालेलं असतं आणि ते तिथल्याच कुणा विद्यार्थ्याच्या प्रबंधात असतं. शहरी गरिबांच्या आरोग्यावर लिहिताना नैरोबीतल्या आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटरचं काम चुकवू नका. कोरोगोचो आणि विवांदानी या वस्त्यांत त्यांनी वर्षानुवर्षं तीच घरं पुन्हा पुन्हा भेट देऊन नोंदी ठेवल्या. लोकांना काय वाटतं, हे हवं असेल तर ‘आफ्रोबॅरोमीटर’ पाहा. प्रश्नावली, नमुन्याचा आकार आणि मुलाखतींचा काळ ते जाहीर करतात.

इतिहासात अडचण वेगळी आहे. कागद कोणी ठेवले आणि कोणी नेले, हा प्रश्न तिथे आधी येतो. 20 ऑक्टोबर 1952 ला ब्रिटिश सरकारने माउ माउ या वसाहतविरोधी सशस्त्र उठावामुळे आणीबाणी पुकारली. त्या काळातल्या फायलींचा काही भाग केनिया सोडताना ब्रिटिशांनी सोबत नेला, आणि तो ब्रिटनमधल्या हॅन्स्लोप पार्क इथे ठेवलेला असल्याचं 2011 मध्ये, छळ सोसलेल्या वृद्ध केनियन फिर्यादींच्या खटल्यामुळे, उघड झालं. जून 2013 मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त करून 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. त्या फायली आता ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एफसीओ 141’ या मालिकेत आहेत आणि त्यांची सूची घरबसल्या शोधता येते. म्हणून आणीबाणीवरचं जे लेखन 2011 आधीचं आहे, ते कुठले कागद न पाहता लिहिलं गेलं हे ध्यानात ठेवून वाचा. ते टाकून देऊ नका, फक्त प्रकाशनवर्ष आधी पाहा. आणि वसाहतकालीन अहवालासोबत केनियन माणसांच्या साक्षी, आठवणी, खटल्यातली शपथपत्रं हेही वाचा. छावणीच्या अधिकाऱ्याने लिहिलेलं ‘कैद्यांची प्रकृती समाधानकारक’ हे वाक्य त्या छावणीत राहिलेल्या माणसाच्या जबानीशेजारी ठेवल्याशिवाय वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या कागदांत शिरताना जुनी नावं हाताशी हवीत. तुर्काना सरोवर 1975 पर्यंत रुडॉल्फ होतं. मुरांगा म्हणजे फोर्ट हॉल, न्याहुरुरू म्हणजे थॉमसन्स फॉल्स, वेबुये म्हणजे ब्रॉडरिक फॉल्स. नवं नाव टाकून 1930 च्या गॅझेटमध्ये शोधलं तर काहीच येणार नाही, आणि तिथे काही घडलंच नव्हतं असा समज होईल. मी प्रत्येक ठिकाणासाठी नावांची एक पट्टी करून ठेवते: आजचं नाव, वसाहतकालीन नाव, स्पेलिंगचे पर्याय.

शोधण्याची एक युक्ती रोज उपयोगी पडते. शोधखिडकीत रोमन लिपीत ‘साइट’ लिहून कोलन द्या, त्याला जोडून कार्यालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता, आणि मग एक जागा सोडून तुमचा शब्द. शोध त्या एकाच संकेतस्थळापुरता चालतो. ‘फाइलटाइप’ लिहून कोलन आणि ‘पीडीएफ’ जोडलंत तर मूळ अहवालच वर येतात. सरकारी संकेतस्थळांच्या स्वतःच्या शोधखिडकीपेक्षा हे बरंच बरं चालतं.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. केनियाची सरकारी संकेतस्थळं नव्याने बांधली जातात आणि जुने दुवे मरतात. सापडलेली पीडीएफ त्याच वेळी उतरवून घ्या. फाइलच्या नावात कार्यालय, वर्ष आणि पान क्रमांक घाला, आणि दुवा इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये साठवून त्याचा पत्ता टिपा. मेलेला दुवा हाती आला तर तोही आधी तिथेच टाकून पाहा. सांख्यिकी कार्यालयाचे जुने अहवाल मला अनेकदा तिथेच मिळाले आहेत, पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत शाबूत.